शुभीची तहान

कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात दोन माठ होते. एक सगळ्यांचा आणि एक एकट्या शुभीचा. शुभी म्हणजे शुभांगी, माझी धाकटी बहीण. तिचा माठ ओट्याखाली, बसल्या बसल्या हात पोचेल असा ठेवलेला असे. आई तो सकाळी भरायची, दुपारी भरायची आणि दिवेलागणीला पुन्हा भरायची. त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. समोरच्या प्लॉटवर नवी सोसायटी उठत होती, तिच्या काँक्रीट मिक्सरची घरघर दिवसभर चालायची. खालच्या मजल्यावर नुकतंच केबल आलं होतं, त्यामुळे दुपारभर कुठल्या तरी मालिकेतली रडारड जिन्यातून वर यायची. आणि या सगळ्यात शुभीचा तांब्या माठात बुडाल्याचा आवाज, मग घटाघट पिणं, मग थोड्या वेळाने संडासाच्या दाराची कडी. पुन्हा तांब्या, पुन्हा कडी. पाहुणे आले की बोलता बोलता थांबायचे आणि एकमेकांकडे बघायचे. मला त्या बघण्याचा संताप यायचा. आता माझी पन्नाशी उलटली आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, चिडू नका म्हणून डॉक्टर दर खेपेला बजावतात. हे लिहिताना मी त्यांचं ऐकणार नाही.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बाबांचे थोरले भाऊ आधी पुण्यात आले. आमच्याकडच्या पद्धतीने आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणायचो. ते चिंचवडच्या एका कारखान्यात सुपरवायझर झाले आणि मागाहून त्यांनी बाबांनाही तिथेच चिकटवून दिलं. त्यामुळे आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. बाबा त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचे नाहीत. आई ही बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी करण्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. उलट माणूस घरातल्या घरात राहिलं असं म्हणायचे. पुण्यात इतकी वर्षं काढूनही आईचं 'मले-तुले' काही सुटलं नाही. सोसायटीतल्या बायका त्यावर हसायच्या, तोंडावर नाही, पण हसायच्या. त्याच बायका आईने केलेली पाटवडी मात्र वाटी पुढे करून मागायच्या.

शुभीला साखरेचा आजार लागला तेव्हा ती दुसरीत होती. त्या दिवसापासून आईने घरातली साखर बंद केली, आणि ती फक्त शुभीची नव्हे, सगळ्यांची. बाबा बिनसाखरेचा चहा प्यायला लागले. दिवाळीच्या करंज्यांत तिखट सारण आलं, संक्रांतीला तीळ नुसते भाजून मीठ लावून वाटले गेले. घरात फ्रिज नव्हता, म्हणून इन्सुलिनच्या बाटल्या आई ओल्या फडक्यात गुंडाळून एका छोट्या मडक्यात ठेवायची. सकाळी बाल्कनीत स्पिरिटचा दिवा लागायचा. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर साखर वाढलेली. नळी धरायचा मान शुभीचा. रंग टिकला की ती ओरडायची, "आई, निळं!" आणि आतून आई म्हणायची, "शहाणी माझी पोट्टी."

ती हायस्कुलात गेली आणि तहान सुरू झाली. माठच्या माठ रिकामे व्हायला लागले. वर्गातून पुन्हा पुन्हा बाहेर जायला बाई परवानगी देईनात, मग एकदा वर्गातच तिचा फ्रॉक ओला झाला आणि ती तो दप्तराने झाकत घरी आली. साखर वाढली की तहान लागते, हे तोपर्यंत सगळ्यांना पाठ झालेलं होतं. म्हणजे ही चोरून गोड खात असणार. मोठ्या बाबांनी हा निकाल एका वाक्यात दिला आणि सगळ्या नातेवाईकांनी तो उचलला. पण सकाळची नळी निळीच राहायची. आईने ती पुन्हा पुन्हा करून बघितली. निळी.

मोठ्या बाबांच्या ओळखीचे एक साखरेचे डॉक्टर शनिवार पेठेत बसायचे. नाव मोठं, जिना अरुंद. आई, बाबा, शुभी आणि मी, चौघं त्यांच्यासमोर उभे होतो, कारण खुर्च्या दोनच होत्या आणि त्यांनी बसा म्हटलं नव्हतं.

"पेढे कोण खातं घरात?" त्यांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं. "मुलगी की आई?"

"डॉक्टरसाहेब, घरात साखरच नाई," आई म्हणाली. "लघवीत बी नाई. निळं राहते. मग एवढी लघवी काऊन होते तिले?"

"काऊन?" डॉक्टर हसले. "काऊन ते मी सांगायचं की तुम्ही?"

"मी रोज उकळून पाहतो..." आई गडबडली. घाईत ती आमच्याकडचं बोलायची, तिकडच्या बायकांसारखं 'करतो', 'पाहतो' म्हणायची, आणि मग पुणेरी बोलायचा प्रयत्न करताना दोन्हीकडचं हरवून बसायची.

"बाई, लघवी खोटं बोलत नाही. आया बोलतात." एवढं बोलून त्यांनी बाबांकडे बघितलं. "आणि समजा खरंच साखर नसेल, तर ही सवय आहे. मानसिक. लक्ष वेधून घ्यायची. पाणी मोजून द्या, आपोआप सुटेल."

बाबा "बरं" म्हणाले. आई सगळ्यांच्या आधी जिना उतरायला लागली. शुभीने पायरी चुकवली आणि भिंतीला धरून सावरली. तिच्याकडेही कोणी बघितलं नाही.

कारण डोळे हा आणखी एक आरोप होता. फळा दिसत नाही म्हणायची. चष्मा केला, तरी दिसेना. दुसरा चष्मा केला. चष्मेवाल्याने बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की नंबर काही एवढा नाही, मुलगी अभ्यासाला कंटाळली असेल. शाळेत बाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "आता तरी दिसतंय का, की अजून पुढे, माझ्या मांडीवर बसतेस?" वर्ग हसला. घरी नळी उकळली की ती आता ओरडायची नाही. नळी आईपुढे धरायची आणि म्हणायची, "कोणता रंग आहे, तू सांग." तिला रंग दिसेनासे झाले होते. त्याचा अर्थ आमच्या घरात कोणाला लागला नाही, आणि ज्यांचं शिक्षणच तो अर्थ लावण्याचं होतं, त्यांनी विचारलं नाही.

त्या मे महिन्यात वर्ध्याला माझी आजी, म्हणजे आईची आई, पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. आईबाबांना जाणं भाग होतं. शुभीला न्यायचं म्हणजे त्या उन्हात, खचाखच भरलेल्या गाडीत, तिची तहान आणि तिची लघवी सांभाळत न्यायचं. माझी कॉम्प्युटर क्लासची परीक्षा होती. त्या वर्षी प्रत्येक गल्लीत एक क्लास निघाला होता, आणि ज्याला त्याला वाटत होतं की आपली मुलगी एवढं शिकली की झालं. मोठे बाबा म्हणाले, "पोट्टी माझ्याकडे ठेवा. आठवड्यात सरळ करतो." आई नको म्हणाली. बाबा हो म्हणाले. इंजेक्शन द्यायला मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, शिकलेली होती. जाताना आईने मोठ्या आईचा हात धरून सांगितलं, "पाण्याचं तेवढं अडवू नका." मोठ्या आईने मान हलवली. ती बिचारी नवऱ्यासमोर मान हलवण्यापलीकडे काही करू शकत नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी तिला बिचारी म्हणणार नाही. लिहून गेले, पण मागे घेते.

दुसऱ्या दिवशी दुपारी परीक्षा संपली. क्लासची खोली एसी होती, चपला बाहेर काढाव्या लागत. चपला घालून मी सायकलवर सरळ शनिवार पेठेत मोठ्या बाबांच्या घरी गेले. दार मोठ्या आईने उघडलं आणि मला बघून तिने पदर तोंडाला लावला. स्वयंपाकघराला बाहेरून कडी होती. शुभी बाहेरच्या खोलीत फरशीवर, भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ फुटले होते. हात लावला तर अंग तापलेलं आणि कोरडं. "शुभी," मी हाक मारली. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, मला बाहेर जाऊ द्या." ती शाळेत होती.

मोठे बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. दुसऱ्या पाळीला अजून वेळ होता.

"पाणी कधी दिलं हिला?"

"सकाळी दिलं ना पेलाभर. काल पण दिलं. नाटकं हायेत सगळी." त्यांनी पेपरची घडी केली. "तुले सांगतो, काल न्हाणीघराचा नळ मी वरून बंद केला, तर ही संडासातल्या डब्यातलं पाणी प्यायली. संडासातल्या! सांग तुझ्या मायले, हे वळण लावलंय तिनं."

मी तोवर कधी मोठ्या माणसाला उलट बोलले नव्हते. त्या दिवशी मी काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्यांना 'अहो' म्हणत नव्हते. "तू माणूस आहेस का?" असं काहीतरी मी ओरडले, शेजारच्या खिडक्या उघडल्या, आणि मोठे बाबा उठून उभे राहिले. त्यांनी हात उगारला. मी कडी काढली, तांब्या भरला, शुभीचं डोकं मांडीवर घेतलं. पाणी तिच्या तोंडाच्या कडेने ओघळलं. तिला गिळताच येईना. तेवढ्यात तिचे हातपाय ताठ झाले आणि झटके सुरू झाले. मोठ्या बाबांचा उगारलेला हात तसाच होता. शेजारचा दुकानदार धावत आला, त्याने तिला उचललं, मी रिक्षा थांबवली. मोठी आई पिशवीत तिचे कपडे भरून जिन्यावर उभी राहिली आणि तिथेच थांबली.

ज्या रुग्णालयात आम्ही गेलो, तिथे एक तरुण डॉक्टर बाई ड्यूटीवर होत्या. शिकाऊच असाव्यात, एप्रन मळलेला, केस सुटलेले. त्यांनी सलाइन लावलं, रक्त तपासायला पाठवलं, मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. आमच्याशी बोलताना एखादा डॉक्टर बसला, असं मी पहिल्यांदा बघत होते.

"लघवीत साखर नाही, मग एवढी लघवी का होतेय? कधीपासून?"

मी ऐकतच राहिले. आईचाच प्रश्न होता तो, शब्दाला शब्द. फक्त 'काऊन' नव्हतं.

मी सगळं सांगितलं. तहान, फळा, रंग, पाणी मोजून देणं. डोळ्यांचं ऐकल्यावर त्यांनी एक छोटं यंत्र आणलं आणि शुभीच्या डोळ्यात बराच वेळ बघितलं. "डोळ्याच्या मागची नस फिकट पडली आहे," त्या म्हणाल्या. "हे नाटक करून जमत नाही. आईवडील नात्यातले आहेत का?"

"मामाची मुलगी."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटतं, हे सगळे वेगवेगळे आजार नाहीत. एकच आहे. मी सरांना विचारून नक्की सांगते." आणि उठता उठता वळल्या. "पाणी बंद करून बघायची एक तपासणी खरंच असते. पण ती इथे करतात, दर तासाला वजन घेत, डॉक्टर समोर बसून. घरी कोंडून असं केलं तर माणूस मरतो. कोणी सांगितलं होतं हे?"

मी डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्या मान खाली घालून निघून गेल्या. त्याच डॉक्टरांनी त्यांना कॉलेजात शिकवलं होतं, असं नंतर कळलं.

शुभी वाचली. रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांनीही सांगितलं, हा सगळा एकच आजार आहे, दुर्मिळ, घराण्यातून येणारा. नाकात घालायचं एक थेंबांचं औषध मुंबईहून मागवलं आणि दुसऱ्या दिवशी तिने दुपारभर पाणी मागितलं नाही. आई वर्ध्याहून थेट रुग्णालयात आली होती. ती खाटेच्या कडेला बसून, भरलेला तांब्या हातात धरून, लेक मागते का म्हणून वाट बघत राहिली. वर्षभर घरात चोर म्हणून वागवलेल्या मुलीचं औषध होतं ते. थेंब. मला आनंद व्हायला हवा होता. मला डॉक्टरांच्या त्या अरुंद जिन्यावरून कोणाला तरी खाली ढकलून द्यायचं होतं.

आम्ही घरी आलो, त्यानंतर एका रविवारी मोठे बाबा आले. इस्त्रीचे कपडे, हातात मोसंबीची पिशवी. बाबा उठून उभे राहिले. आमच्याकडे दारात माणूस आलं की आधी पाणी, मग बोलणं. वैरी आला तरी. आई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. ती उठली नाही.

"झालं ते झालं," मोठे बाबा म्हणाले. "आपण चांगल्यासाठीच केलं. डॉक्टरनंच सांगितलं होतं. आणि खरं सांगू? आमच्या घराण्यात असं काही नाही. हे तिकडून आलं असणार."

तिकडून म्हणजे आईच्या माहेरून. म्हणजे स्वतःच्या सख्ख्या मामाच्या घरून, जिथे त्यांचं बालपण गेलं होतं. बाबा उभेच होते. शेवटी मोठे बाबा घसा खाकरून म्हणाले, "पाणी तरी देशीन का नाही?"

आईने सूप खाली ठेवलं. "देतो ना, भाऊजी," ती म्हणाली. "मोजून देऊ?"

ते पिशवी तिथेच ठेवून गेले. बाबा त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. मोसंबी आईने कोणाला खाऊ दिली नाहीत. ती खालच्या मजल्यावरच्या बायकांना वाटून टाकली.

पुढची वर्षं मी इथे थोडक्यात सांगते, कारण ती माझ्याच्याने लांबवून लिहवत नाहीत. शुभीची नजर गेली. अंधांच्या संस्थेत राहून ती टेलिफोन ऑपरेटरचं काम शिकली आणि एका कंपनीत लागली. तिचा आवाज गोड होता. मग कान जायला लागले आणि नोकरी सुटली. मी तोवर हिंजवडीला प्रोग्रामर झाले होते, गळ्यात पट्टा अडकवून बसने जात येत होते. त्या आजारात नेमकं काय बिघडतं, ते मी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, इंटरनेटवर वाचलं.

पेशीच्या आत पडद्यांचं एक जाळं असतं. शाळेच्या पुस्तकात त्याला आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. मी नववीत त्याची आकृती काढून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. शरीराला लागणारी कितीतरी प्रथिनं तिथे नीट आकार घेऊन बाहेर पडतात, इन्सुलिनसुद्धा. ती बिघडून आत तुंबायला लागली की जालिकेवर ताण येतो. पेशी आधी निभावून न्यायला बघते. नवं काम कमी करते, बिघडलेलं मोडून काढते. तरीही ताण हटला नाही, तर ती मरते. हा ताण आटोक्यात ठेवणारं एक प्रथिन शुभीत जन्मापासून सदोष होतं. म्हणून आधी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी गेल्या, मग डोळ्यांच्या नसा, मग मेंदूतला तो भाग जो शरीरातलं पाणी राखतो, मग कान. हा दोष आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा दोन्हीकडून यावा लागतो. इकडून आणि तिकडून. आता तर म्हणतात की साध्या मधुमेहात आणि म्हातारपणी स्मृती जाते त्या आजारांतही या ताणाचा हात आहे. म्हणजे पुढेमागे त्यावर औषध निघेलही. निघू दे. शुभीच्या हयातीत निघालं नाही.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी घरी जाऊन आईला आणि शुभीला हे समजावून सांगितलं. शुभीच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने, एकेक वाक्य दोनदा. आई ऐकत होती आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. माझं सांगून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माह्या हातून काई झालं नव्हतं." आणि उठून आत गेली. बाहेरच्या कोणी लिहून ठेवलेलं ऐकेपर्यंत तिला हे स्वतःशी म्हणता आलं नव्हतं. त्या वाक्याचा राग माझा अजून उतरलेला नाही.

शुभीने माझा हात चाचपून धरला. मग म्हणाली, "मोठ्या बाबांना फोन लाव."

ते निवृत्त होऊन वर्ध्याला गेले होते. मी नंबर फिरवला, ते आल्यावर रिसीव्हर तिच्या हातात दिला. मागे त्यांच्याकडचा टीव्ही मोठ्याने चालू होता, तो मला बाजूला बसूनही ऐकू येत होता.

"मोठे बाबा, मी शुभांगी," ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती ओरडून बोलायची. "मी साखर चोरून खाल्ली नव्हती. मला खरंच तहान लागत होती. मी तुमच्या घरात मरत होते."

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

तिने रिसीव्हर माझ्याकडे दिला. "काय म्हणतात बघ."

मी कानाला लावला आणि 'हॅलो' म्हटलं. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग म्हातारा म्हणाला, "अर्चना का? लाइन खराब हाय वाटते. मले काही ऐकू नाही आलं."

"काय म्हणाले?" शुभीने विचारलं.

मी तिच्या कानाशी वाकले. "ऐकू आलं नाही म्हणतात."

तिने हात पुढे करून रिसीव्हर चाचपला, माझ्या हातातून घेतला, अगदी ओठांजवळ धरला आणि तेच सगळं पुन्हा म्हणाली, पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करून, इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन उभी राहिली. आणि त्यांना उत्तर द्यायला वेळ न देता तिने फोन ठेवून दिला.